परवाना आणि प्रकृति

नागपूरच्या पूर्वेस कळमना येथें बाजार समितीचें विस्तीर्ण आवार आहे. संत्र्यांच्या व मिरचीच्या हंगामांत तेथें मालमोटारींची रीघ लागते. कित्येक गाड्या रात्रभर चालून पहांटे येऊन पोहोंचतात. ज्यांच्या भरंवशावर हा माल येतो, त्या चालकांचे डोळे, कान व हृदय शाबूत आहेत कीं नाहींत, याची पृच्छा कायदा करतो.

गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगानें जात असतां चालकास अपस्माराचा झटका येऊन तो अवघे ५ सेकंद बेशुद्ध झाला, तर तेवढ्यांत गाडी सुमारें ८३ मीटर अंतर काटते, आणि त्या अंतरांत ती कोणाच्याच ताब्यांत नसते. कायद्याच्या बहुतेक प्रश्नांचें मूळ या साध्या हिशेबांत आहे.

१९३९ च्या मोटार कायद्यानें अपस्मार, रातांधळेपणा व बहिरेपणा यांस सरसकट अपात्र ठरविलें होतें. १९८८ च्या कायद्याखालीं अर्जदारास प्रथम स्वतःच घोषणा करावी लागते: घेरी किंवा मूर्च्छा येते काय, हातापायांत कांहीं वैगुण्य आहे काय, २५ मीटरांवरील मोटारीचा क्रमांक चांगल्या उजेडांत, लागल्यास चष्म्यानें, वाचतां येतो काय. चाळिशी ओलांडलेल्यांस आणि मालमोटारीसारखें धंद्याचें वाहन चालविणारांस डॉक्टरांचा दाखलाहि लागतो. धंद्याचा परवाना तर दर ५ वर्षांनीं नवा करावा लागतो. खासगी मोटार चालविणाऱ्या तरुणाच्या बाबतींत मात्र सारी भिस्त त्याच्या शब्दावरच. ही तरतूद जरा भाबडीच म्हटली पाहिजे.

परवाना हातीं आल्यावरहि प्रश्न मिटत नाहीं. आजारामुळें चालक अपात्र झाला आहे असें मानण्यास सबळ कारण असेल, तर कलम १६ अन्वयें अधिकारी परवाना रद्द करूं शकतो किंवा नवा दाखला मागूं शकतो. मात्र आदेश लेखी व सकारण असला पाहिजे, आणि त्यावर ३० दिवसांच्या आंत अपील करतां येतें.

परवाना गेला म्हणजे मालमोटार हांकणाऱ्याच्या घरची चूल विझते, म्हणून दुखणें लपविण्याचा मोह होतो. वास्तविक पुष्कळ दुखणीं उपायांतलीं आहेत. मोतीबिंदूनें समोरच्या दिव्यांची झळाळी डोळ्यांत पसरते. शस्त्रक्रियेनें बहुधा दृष्टि परत मिळते. नुसत्या मधुमेहानें परवाना जात नाहीं. औषध घेऊन उपाशीपोटीं लांबचा प्रवास केल्यास रक्तांतील साखर उतरून भोंवळ येऊं शकते, खरा धोका तो. तेव्हां वेळेवर जेवण हाच तेथें उपाय.

अलीकडे कायद्याची दृष्टिहि बदलली आहे. दिल्ली उच्च न्यायालयानें २०११ मध्यें बहिऱ्या उमेदवारांस चांचणीची वाट मोकळी केली. २०१६ मध्यें केंद्र सरकारनेंहि त्यांस परवाना देण्यास अनुकूलता दाखविली. सौम्य व मध्यम रंगांधळेपणाची आडकाठी २०२० मध्यें दूर झाली. केरळमधील जिलुमोल थॉमस जन्मतःच दोन्ही हातांवांचून. आपल्या मोटारींत योग्य ते फेरफार करवून पायांनीं गाडी चालविण्याचा परवाना तिनें २०२३ मध्यें मिळविला. इंदूरच्या विक्रम अग्निहोत्रींना हात नसतांना तो २०१६ मध्येंच मिळाला होता.