विश्लेषण : वाडीतले बावखल मित्रांच्या मदतीने कसे साफ करावे?

पावसाळा तोंडावर आला की वसईच्या पश्चिम पट्ट्यात कौले चाळणे, पन्हळी साफ करणे आणि वेलींचे मांडव बांधणे ही कामे निघतात. हल्ली काही वाड्यांत त्यात बावखलाच्या सफाईचीही भर पडली आहे. शेजारी आणि मित्रमंडळी जमवून तरुणांच्या गटांनी अशी अनेक बावखले मोकळी केली. मात्र हे काम वाटते तितके सोपे नाही.

बावखल म्हणजे काय?

वाडीच्या शिंपणासाठी पूर्वजांनी खोदलेले गोड्या पाण्याचे तळे म्हणजे बावखल. त्यावर रहाट चालायचे आणि केळी, पानवेल, फुलझाडे व भाजीपाल्याला पाट सुटायचा. एकेका बावखलावर बऱ्याचदा अनेक कुटुंबांचा हक्क असे. पुढे पंप आले, नळ आले आणि बावखलाची गरज संपल्यासारखी झाली. काही बुजवून त्यावर बांधकामे झाली. उरलेल्यांपैकी अनेकांत जलपर्णी आणि प्लास्टिक साचले.

ते जपायचे कशासाठी?

वसईच्या पश्चिमेला समुद्र आणि दक्षिणेला खाडी आहे. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. शास्त्रीय हिशेबानुसार गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. उपसा वाढून वरची पातळी थोडी जरी घसरली, तरी खालून खारे पाणी बरेच वर सरकते आणि विहीर मचूळ होते. बावखल पावसाचे पाणी थोपवून जमिनीत मुरवते, म्हणजेच ही वरची पातळी राखते.

दुसरा प्रश्न पुराचा. जुलै २०१८ मध्ये शहर जलमय झाले आणि रुळांवर पाणी आल्याने रेल्वेसेवा विस्कळीत झाली. बावखले शाबूत असती तर तो पूर टळला असता, असे म्हणता येणार नाही. पण बुजवलेल्या प्रत्येक बावखलाचे पाणी कोणाच्या तरी अंगणात जाणारच.

हाताने किती गाळ निघतो?

उत्साही मंडळींचा हिशेब इथेच चुकतो. समजा बावखल २० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद आहे. त्यातला फक्त एक फूट गाळ काढायचा तरी तो सुमारे ९० घनमीटर भरतो. म्हणजे तळ्यात ९० हजार लिटर जादा पाणी मावेल, ही मोठीच कमाई. पण एका घमेल्यात १० लिटर गाळ धरला तर ९ हजार घमेली होतात. वीस जण जमले तरी दरडोई साडेचारशे! ओल्या गाळाचे घमेले सहज १५ किलोचे भरते. एका रविवारी हे होत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी प्लास्टिक आणि जलपर्णी, पुढच्या उन्हाळ्यात एका कोपऱ्याचा गाळ, असे टप्पे पाडलेले बरे. पोकलेन लावले तर काम झटपट होते, पण काठ ढासळण्याची आणि काठावरच्या झाडांची मुळे तुटण्याची भीती असते.

पद्धत कोणती?

एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलेले असते, तेव्हाच काम काढावे. आधी काच, बाटल्या, पिशव्या वेचाव्यात. मग जलपर्णी दोराने काठाकडे ओढून मुळासकट बाहेर काढावी. तुकडे मागे राहिले की ती पुन्हा फोफावते. ती काठापासून दूर वाळवावी, म्हणजे खत होते. गाळ सुकवून केळीच्या आळ्यात किंवा मोगऱ्याच्या वाफ्यात टाकता येतो. मात्र बावखलात सांडपाणी येत असेल तर तो गाळ भाजीला वापरू नये.

काठाला सिमेंटच्या भिंती घालण्याचा मोह होतो. त्याने बावखल नीटनेटके दिसते, पण पाणी मुरायची वाट अडते. उताराचा मातीचा काठच चांगला. डासांसाठी गप्पी मासे सोडण्याची घाईही नको. तळ्यात स्थानिक छोटे मासे असतील तर तेच डासांच्या अळ्या खातात.

धोके कोणते?

गाळात पाय रुतला की पोहता येणाराही अडकतो. म्हणून एकट्याने उतरू नये, कमरेला दोर बांधावा आणि दोराचे दुसरे टोक काठावरच्या माणसाच्या हाती असावे. माणसे पाण्यात असताना विजेचा पंप बंद ठेवून त्याची वायरही काढून ठेवावी. यात तडजोड नको. पायाला जखम असेल तर त्या माणसाने काठावरचे काम घ्यावे. गाळातल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची बाधा होऊ शकते. गमबूट आणि हातमोजे सगळ्यांनाच हवेत. नंतर ताप आला तर डॉक्टरांना या कामाची कल्पना द्यावी.

परवानगी लागते का?

सातबाऱ्यावर इतर सहहिस्सेदार असतील तर त्यांची संमती आधी घ्यावी, शक्यतो लेखी. पुष्कळ सफाई मोहिमा गाळापेक्षा भाऊबंदकीत रुततात. काठावरचे झाड तोडायचे झाल्यास १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. गाळ वाडीबाहेर न्यायचा किंवा विकायचा असेल तर त्याआधी तलाठी कार्यालयात चौकशी करावी. मदतीला आलेल्यांच्या जेवणाची सोय मात्र यजमानाकडेच असते, आणि ती चांगली असेल तर पुढच्या रविवारी माणसे पुन्हा येतात.