उणे तापमानातले पहिले आठवडे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अकलूजहून जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलाचे किंवा मुलीचे पहिले आठवडे बर्फात जातात, हा सर्वांत घट्ट बसलेला समज. प्रत्यक्षात जर्मन विद्यापीठांचे हिवाळी सत्र बहुतेक ठिकाणी 1 ऑक्टोबरला सुरू होते आणि तास त्या महिन्याच्या मध्याला. माळशिरस तालुक्यात तेव्हा परतीचा पाऊस ओसरत असतो आणि साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपनाची गडबड चाललेली असते. बर्लिनचे ऑक्टोबरमधले सरासरी तापमान 10 अंशांच्या आसपास, म्हणजे अकलूजच्या डिसेंबरातल्या एखाद्या कडक पहाटेसारखे. जानेवारीतही तिथली सरासरी शून्याच्या थोडी वरच राहते. पहिल्या महिन्यात भेटतो तो बर्फ नव्हे, तर भुरभुर पाऊस, वारा आणि ढगाळलेले आभाळ. कॅनडाची गोष्ट वेगळी. जानेवारीच्या प्रवेशाने जाणारा विद्यार्थी विमानातून थेट ऐन हिवाळ्यात उतरतो. विनिपेगची जानेवारीची सरासरी उणे 16 च्या घरात आहे.

याचा अर्थ जर्मनीची थंडी किरकोळ असा नाही. इरावती कर्वे 1928 मध्ये मानववंशशास्त्रातल्या संशोधनासाठी बर्लिनला गेल्या, आणि तो हिवाळा युरोपने सोसलेल्या कडक हिवाळ्यांपैकी एक ठरला. 12 फेब्रुवारी 1929 रोजी बव्हेरियातल्या ह्युल या खेड्यात उणे 37.8 अंशांची नोंद झाली. जर्मनीतला अधिकृत नीचांक म्हणून तीच आजवर सांगितली जाते. अशी वर्षे विरळा. पण बॅग भरताना घरचे लोक नेमके त्याच वर्षासाठी भरतात.

बॅगेबद्दलचा गैरसमज असा की जितके जाड तितके उबदार. त्यापायी सोलापुरी चादर, दोन रजया आणि पुण्यात घेतलेला एकच भलामोठा कोट यांतच वजनाची मर्यादा संपते. चादर सुती असते आणि खोलीत तापवण्याची सोय असल्याने तिची फारशी गरज पडत नाही; पांघरूण तिथे सहज मिळते. अंगावरच्या कपड्यांत ऊब धरते ती कापडापेक्षा कापडात अडकलेली हवा. धनगरी घोंगडे ऊब देते ते याच कारणाने. म्हणून एका जाड कोटापेक्षा तीन थर बरे: अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारे थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारे जाकीट. अंगालगत सुती बनियन मात्र घात करते. ट्रॅम पकडायला धावताना आलेला घाम सुतात मुरतो आणि थांब्यावर उभे राहिले की तेच ओले कापड अंगातली ऊब ओढून घेते. थर्मल इथून न्यावे. कोट आणि बूट तिथे पोचल्यावर घ्यावेत, जुन्या कपड्यांच्या दुकानात ते स्वस्तही पडतात.

डब्याबद्दल एक नियम माहीत असायलाच हवा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. त्यामुळे घरचे कढवलेले साजूक तूप, पेढे, खव्याची बर्फी हे सगळे सीमाशुल्क खात्याच्या टोपलीत जाऊ शकते. ताजा कढीपत्ता आणि आंबा यांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, काळा मसाला यांना ही अडचण नाही, आणि पहिल्या आठवड्यात खरा आधार त्यांचाच असतो. रविवारी तर विशेषच, कारण जर्मनीत रविवारी वाणसामानाची जवळजवळ सर्व दुकाने बंद असतात. शनिवारी रात्री उतरलेल्याला हे भुकेल्या पोटी कळते.

थंडीचा अंदाज मोबाइलवरच्या एका आकड्यावरून घेणे हीही चूक. हवा उणे 10 अंश असेल आणि वारा ताशी 30 किलोमीटरने वाहत असेल, तर उघड्या त्वचेची ऊब जवळपास उणे 20 अंशांच्या शांत हवेत जावी तितक्या वेगाने जाते. याला वाऱ्याचा गारठा म्हणता येईल. तो उणे 28 किंवा त्याखाली गेला की उघड्या त्वचेला 10 ते 30 मिनिटांत हिमदंश होऊ शकतो, अशी कॅनडाच्या हवामान खात्याची सूचना असते. नाक, कान आणि बोटे आधी सापडतात. मात्र हा आकडा जिवंत अंगासाठी आहे. हवा शून्याच्या वर असेल तर वारा कितीही सुटो, सायकलला लावलेल्या बाटलीतले पाणी गोठणार नाही.

घसरण्याची भीती मोठ्या हिमवर्षावाच्या दिवशी वाटते, पण खरा धोका तापमान शून्याच्या आसपास घुटमळते तेव्हा. दिवसा वितळलेले पाणी रात्री पदपथावर पातळ, पारदर्शक थर होऊन गोठते. डांबर नुसते ओले दिसते आणि पाय पडतो तो काचेवर. उणे 15 मधला कोरडा, भुसभुशीत बर्फ त्यामानाने पावलाला धरून ठेवतो. अशा सकाळी पावले लहान टाकावीत, तळवा सपाट ठेवावा आणि हात खिशाबाहेर असावेत, म्हणजे तोल गेला तर सावरता येते.

खोलीच्या आत गणित उलटे होते. बाहेर एवढी थंडी म्हणजे आत दमट गारवा असणार, असे पावसाळी ओलीची सवय असलेल्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात आतली हवा कमालीची कोरडी असते. उणे 5 अंशांच्या एक घनमीटर हवेत जेमतेम सव्वातीन ग्रॅम वाफ मावते, तर 20 अंशांच्या हवेत सुमारे 17 ग्रॅम. बाहेरची तीच हवा आत येऊन तापली की तिची सापेक्ष आर्द्रता 20 टक्क्यांच्या खाली येते. ओठ फुटणे, नाकाचा घोळणा फुटणे, घसा कोरडा पडणे ही पहिल्या पंधरवड्यातली दुखणी बहुधा यातूनच येतात. नवखा मुलगा त्यांना सर्दीची सुरुवात समजून औषध शोधत बसतो. काम होते ते व्हॅसलीन आणि पाण्याने.

मग खिडकी पक्की लावून घ्यावी, असे वाटणे साहजिक आहे. जर्मन घरमालकाशी पहिला खटका बहुतेकदा इथेच उडतो. बंद खोलीत भात शिजवला, डाळीला फोडणी दिली, धुतलेले कपडे आतच वाळत घातले, की ती वाफ थंड भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसते आणि काळी बुरशी धरते. तिथली रीत अशी की दिवसातून दोन-तीन वेळा खिडक्या पाच-दहा मिनिटे सताड उघडायच्या आणि पुन्हा बंद करायच्या. हवा बदलते, भिंती मात्र गार होत नाहीत. खिडकी दिवसभर फटीएवढी उघडी ठेवणे यापेक्षा वाईट, कारण त्यात उष्णता जाते आणि भिंतही थंडावते. रेडिएटरच्या चावीवरचे 1 ते 5 आकडे म्हणजे आपल्या पंख्याचा रेग्युलेटर नव्हे. 3 वर ठेवले की खोली साधारण 20 अंशांवर स्थिरावते. 5 वर ठेवल्याने ती लवकर तापत नाही, फक्त अधिक तापते आणि बिल वाढते.

सगळ्यांत कमी बोलले जाते ते अंधाराबद्दल, आणि पहिल्या हिवाळ्यात सर्वांत जास्त छळतो तो तोच. अकलूज 18 अक्षांशाच्या किंचित खाली, बर्लिन साडेबावन्नवर. 21 डिसेंबरला अकलूजमध्ये दिवस सुमारे 11 तासांचा असतो आणि दुपारी सूर्य क्षितिजावर 48 अंशांपेक्षा वर असतो. बर्लिनमध्ये त्या दिवशी सूर्य सव्वाआठला उगवतो, चारच्या आत मावळतो आणि भर दुपारी 14 अंशांवर रेंगाळतो. सूर्य दिसला म्हणजे ड जीवनसत्त्व मिळाले, हा समज इथे टिकत नाही. इतक्या तिरक्या किरणांतला त्यासाठी लागणारा अतिनील भाग वातावरणातच गळून जातो, आणि सावळ्या त्वचेला तो जास्त वेळ लागतो. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा म्हणूनच शरद आणि हिवाळ्यात रोज 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यावे असे सुचवते.

नोव्हेंबरात येणारी मरगळ, वाढलेली झोप आणि कशातच मन न लागणे याला घरची आठवण एवढेच नाव देऊन चालत नाही. ऋतुबदलाशी जोडलेल्या या नैराश्याचे वर्णन नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये केले; 10,000 लक्सचे दिवे हा त्यावरचा एक मान्य उपाय आहे. दुपारी अर्धा तास बाहेर पडणे फुकटात होते. घरच्यांनीही घड्याळाचा एक बदल ध्यानात ठेवावा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात, आणि साडेतीन तासांचा फरक साडेचारचा होतो.

थंडीने सर्दी होते आणि थंडीनेच माणूस खंगतो, हा समज मराठी घरांत जुना आहे. आनंदीबाई जोशींच्या अकाली मृत्यूचा ठपकाही बऱ्याचदा फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यावर ठेवला जातो. त्या 1883 मध्ये अमेरिकेला गेल्या, 1886 मध्ये डॉक्टर झाल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची 22 वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यात वारल्या. निघण्यापूर्वीच त्यांची प्रकृती बिघडलेली होती आणि त्यांना ग्रासले ते क्षयाने. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने 1882 मध्येच जाहीर केला होता. त्यावरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला 1943 उजाडले. परक्या मुलखातले हाल आणि गारठा यांनी अशक्त देहाची झीज वाढवली असेल, पण रोग जंतूचा होता. सर्दीचेही तसेच: ती विषाणूने होते, आणि हिवाळ्यात ती फोफावते याचे एक मोठे कारण माणसे बंद खोल्यांत एकमेकांजवळ बसतात हे. ब्रँडीच्या घोटाने येणारी ऊब तर निव्वळ फसवी. मद्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटते आणि आतली उष्णता झपाट्याने बाहेर पडते.

उरतो पैशांचा आणि कागदांचा प्रश्न. जर्मन व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात वर्षाचे 11,904 युरो ठेवले म्हणजे पहिल्या महिन्याची चिंता मिटली, असे कर्ज काढणाऱ्या पालकांना वाटते. त्या खात्यातून महिन्याला 992 युरोच सुटतात. खोलीची अनामत कायद्याने मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत मागता येते आणि कोट-बुटांचा खर्चही त्याच महिन्यात येतो, म्हणून वेगळी रक्कम हाताशी लागते. खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करणे बंधनकारक आहे. त्यासाठी भेटीची वेळ मात्र मोठ्या शहरांत लवकर मिळत नाही. ती पोचण्यापूर्वीच मागून ठेवलेली बरी. आजारपणात थेट रुग्णालय गाठायची आपली सवयही तिथे चालत नाही: जिवावरचा प्रसंग असेल तर 112, आणि रात्री नुसता ताप चढला असेल तर 116117.