थेंब कधी पडतो ते आधी बघा

बुलढाणा, खामगाव, मलकापूरकडच्या फ्लॅटांत बाथटब शोधूनच सापडायचा. टबाची जागा इथे पाण्याच्या ड्रमने घेतलेली. नळ रोज येत नाही, म्हणून ड्रम बाथरूममध्येच भरून ठेवायचा. मग एक दिवस खालच्या घरी छताला ओल येते आणि मिस्त्री आल्या आल्या सांगतो, ‘सगळी फरशी उखडावी लागेल.’ त्याला जरा थांबवा.

गळती कुठली, हे थेंबाच्या वेळेवरून बरंचसं कळतं. बाथरूम कोरडी असतानाही रात्रंदिवस ठिबकत असेल, तर संशय भिंतीतल्या नळाच्या पाइपावर. सेकंदाला एक थेंब, तोही पाव मिलीलिटरचा धरला, तर दिवसाला वीस लिटरच्या वर पाणी जातं. गच्चीवरच्या टाकीतून आपल्या फ्लॅटला येणारा व्हॉल्व्ह बंद करून ठिबक मंदावते का ते पाहा. एका रात्रीत निकाल लागेलच असं नाही. संडास-बाथरूमखालचा स्लॅब बऱ्याचदा खोलगट टाकून विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. त्या भरावात साचलेलं पाणी नळ बंद केल्यावरही काही दिवस झिरपत राहतं.

आंघोळ झाली की खाली ओल वाढते, असं असेल तर पुढची परीक्षा. फरशी न भिजवता दोन-तीन बादल्या थेट नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याच्या) तोंडात ओता. खाली ओल वाढली तर ट्रॅप किंवा सांडपाण्याचा पाइप. नाही वाढली, तर दुसऱ्या दिवशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं फडकं ट्रॅपच्या तोंडात घट्ट बसवा, उंबऱ्याच्या आत इंचभर पाणी साठवा, पातळीवर पेन्सिलने खूण करा. दिवसभरात पातळी बरीच उतरली आणि खाली ओल चढली की दोष फरशीत. भिंतीवरच्या टाइल्स मात्र वेगळ्या दिवशी भिजवून बघायच्या. सगळं एकदम केलं तर काहीच कळत नाही.

आपल्याकडे फरशीचे सांधे मरतात त्यात पाण्याचाही हात आहे. शेगाव, नांदुरा, संग्रामपूरकडे पूर्णा नदीचा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी खारं. टाइल्सवर पांढरे थर चढतात, ते काढायला अ‍ॅसिड ओतलं जातं. अ‍ॅसिड डागासोबत सांध्यातलं पांढरं सिमेंटही खातं. फरशी चकचकीत आणि सांधे पोकळ, असं चित्र तिथे दिसतं. (व्हिनेगरही तसंच, फक्त हळू.)

नुसते सांधे गेले असतील तर तोडफोड कशाला? जुनं सिमेंट टोकदार पात्याने खरवडा, न्हाणी दोन-तीन दिवस पूर्ण सुकवा आणि इपॉक्सी ग्राउट भरा. ओल्या सांध्यात भरलेला ग्राउट धरत नाही. घाईत नेमकं हेच होतं. ट्रॅपचा सांधा गळत असेल तर त्याच्याभोवतीच्याच फरश्या काढायच्या, सैल माल खरवडायचा, न आकसणारा ग्राउट दाबून भरायचा, त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यायचे. जमीन आणि भिंत मिळते तो कोपराही माल भरून गोलसर करून घ्या.

नव्या फरश्या लावण्याआधी पुन्हा पाणी भरून चोवीस तास ठेवायला मिस्त्री कुरकुरतो, तरी ठेवाच. खालच्यांच्या छताचा रंग मात्र स्लॅब पुरता सुकल्यावर. नाहीतर महिन्याभरात पुन्हा पोपडे आणि लोणा.