मांडी, माळा आणि कार सीट

आपल्याकडे तान्ह्या मुलाच्या वस्तू सहसा विकत घ्याव्या लागत नाहीत. पाळणा आत्याकडून येतो, दुपटी मावशीकडून, झबली चुलत भावंडांची; आणि काम झाले की हे सारे पुढच्या घरी रवाना होते. अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही ही व्यवस्था निकोपच म्हटली पाहिजे. वस्तूचा पुरेपूर उपयोग होतो, पैसा वाचतो, नाती टिकतात ती निराळीच. तथापि या परंपरेत न बसणारी एक वस्तू अलीकडे मध्यमवर्गीय घरांत शिरली आहे. ती म्हणजे लहान मुलाची कार सीट.

माझा धाकटा भाऊ पुण्यास नोकरीला असतो. महिन्यातून दोनदा तो सहकुटुंब नगरला येतो. शिरूर, सुपे ओलांडून येणारा हा रस्ता आणि त्यावरील मालमोटारींची रहदारी वाचकांच्या परिचयाची आहे. मुलगी जन्मली तेव्हा त्याने हौसेने एक सीट घेतली होती. मुलगी दीड वर्षाची झाली आणि तिचे डोके सीटच्या वरच्या काठाला टेकू लागले. आता पुढे काय? आमच्या आईचे उत्तर तयार होते : "मोठी झाली की आता ती. बसेल माझ्या मांडीवर." दुसरे उत्तर श्रीरामपूरच्या एका आप्तांकडून आले. त्यांच्या मुलाची मोठी सीट माळ्यावर पडून होती. ती त्यांनी फुकट देऊ केली.

दोन्ही उत्तरे मायेपोटी आलेली, आणि दोन्ही नाकारणे भाग होते. वडीलधाऱ्यांना नाही म्हणणे किती अवघड असते, हे काय सांगावे!

मांडीचा हिशेब शाळेतल्या गणिताने होतो. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, अर्थात तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडणे. अर्ध्या मीटरच्या अंतरात तो वेग शून्यावर आला, तर अकरा किलोच्या मुलाचा भार त्या क्षणी सव्वादोन क्विंटलच्या घरात जातो. आजीच्या हातांत कितीही माया असली तरी तेवढे बळ नसते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अंत झाला, तेव्हा ते मागच्या आसनावर पट्टा न लावता बसले होते. मागे बसले की धोका नाही, हा आपला समज त्या दिवशी तरी ढळावयास हवा होता.

माळ्यावरच्या सीटचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्याला नोबेल मिळाले. त्याचे म्हणणे साधे होते. मालाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो, आणि त्यामुळे सारा बाजारच नासतो. जुन्या कार सीटच्या बाबतीत स्थिती याहून बिकट आहे, कारण येथे देणाऱ्यालाही दोष ठाऊक नसतो. अपघाताचा धक्का बसलेल्या सीटच्या कवचात डोळ्यांना न दिसणारी भेग असू शकते. आमच्या आप्तांच्या गाडीला एकदा मागून ट्रकची धडक बसली होती. सीट मात्र "अगदी नव्यासारखी" होती.

मग नवी कोणती घ्यावी? पाय दुमडू लागले म्हणून सीट लहान झाली, असे समजू नये. वजन तिच्या मर्यादेपलीकडे गेले किंवा डोके काठाशी आले, हीच खरी खूण. तोंड पुढे करून बसवणे ही मुलाची बढती आहे, असेही अनेकांना वाटते. वास्तविक ते शक्य तितके लांबवावे. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. सीट मागे तोंड करून असेल तर धक्का साऱ्या पाठीवर विभागला जातो. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंत मुलांना असेच बसवण्याचा प्रघात आहे. म्हणून पुढची सीट घेताना अठरा किलोपर्यंत मागे तोंड करून वापरता येईल अशी घ्यावी. ती आपल्या गाडीत घट्ट बसते की नाही, हे दुकानाच्या दारातच पाहावे. समोर एअरबॅग असलेल्या पुढच्या आसनावर ती कदापि लावू नये.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा वा योग्य आसन नसल्यास हजार रुपये दंड ठेवला आहे. दुचाकीवरील चार वर्षांखालच्या मुलांसाठी हेल्मेट, बांधणारा पट्टा आणि ताशी चाळीसची वेगमर्यादा हा नियम २०२२ मध्ये अधिसूचित झाला. आमच्या महाविद्यालयाच्या फाटकाशी उभे राहिले की दुचाकीच्या टाकीवर बसलेली बालके मोजता मोजता पुरेवाट होते. कार सीटची चर्चा ही मूठभरांची चैन आहे, हा आक्षेप त्यामुळे मला पुरता खोडता येत नाही.

परंतु वर्ष-दोन वर्षांपुरत्या वस्तूसाठी कारकुनाने हजारो रुपये घालावेत कसे, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत १९८० च्या दशकात रुग्णालयांनी व स्वयंसेवी संस्थांनी अशा सीट उसन्या देण्याचे उपक्रम चालवले. उसने देणाऱ्या संस्थेने प्रत्येक सीटची नोंद ठेवली तर अ‍ॅकरलॉफची अडचणही दूर होते. आपला जिल्हा तर सहकाराचा. प्रवरेच्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ हे स्वतः अर्थशास्त्रज्ञ होते. शिक्षकांच्या वा कर्मचाऱ्यांच्या एखाद्या पतसंस्थेने दहा सीट आणि एक नोंदवही ठेवावी, अपघात झालेली सीट मोडीत काढावी. एवढ्यासाठी शासनाच्या दाराशी जाण्याचे कारण नाही.

भावाने नवी सीट घेतली. आई तिच्या शेजारी बसून नातीचा हात धरते. श्रीरामपूरची सीट अद्याप माळ्यावर आहे आणि आप्तांचा रुसवा अजून गेलेला नाही.