छडी नाही, तरी सूर एक

वाद्यवृंद म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो हाती बारीक छडी घेऊन उभा असलेला संचालक. त्याने खूण केली की वादन सुरू, हात आवरला की सारे गप्प. पण हा संचालकच नसेल तर? गोंधळ उडेल, असे आपल्याला वाटते. तंजावरकडच्या मंदिरांत मात्र हा गोंधळ कधी उडत नाही.

कुंभकोणमपासून सुमारे २० किलोमीटरवर, वेट्टार नदीकाठी तिरुक्करुगावूर हे गाव आहे. इथल्या गर्भरक्षांबिकेला सुखरूप बाळंतपणासाठी नवस बोलायला दूरदूरची जोडपी येतात. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. १८५५ पर्यंत तंजावरच्या गादीवर भोसले होते. या भागातल्या शिवमंदिरांत पूजेच्या आणि मिरवणुकीच्या वेळी वाजतो तो ‘पेरिय मेळम’. त्यात साधारणपणे दोन नागस्वरम, दोन तविल, आधारसूर देणारा एक साथीदार आणि एक झांजवाला असतो.

मुख्य नागस्वरवादक राग उलगडतो तेव्हा जोडीदार सूर धरून राहतो आणि पाळी आली की तोच धागा पुढे नेतो. तविलची वेळ आली की नागस्वरम थांबते. आता सूत्रे तविलवादकांकडे! ते आळीपाळीने वाजवतात आणि शेवटी दोघे मिळून समेवर येतात. झांजवाल्याचे वाद्य सगळ्यांत साधे. पण त्याचा ताल चुकला तर भलाभला वादक अडखळेल. देव मिरवणुकीला निघताना ‘मल्लारी’ वाजवायची, हे परंपरेनेच ठरलेले असते. बाकीचे वर्षानुवर्षांच्या शिक्षणातून अंगी मुरलेले असते.

पाश्चात्त्य वादकांनी हेच मुद्दाम करून पाहिले. मॉस्कोत १९२२ साली ‘पेर्सिम्फान्स’ हा संचालकाविना वाद्यवृंद निघाला. एकमेकांना दिसावे म्हणून वादक वर्तुळात बसत. १९३२ मध्ये तो बंद पडला. न्यूयॉर्कमध्ये १९७२ साली ‘ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा’ सुरू झाला. तिथे रचनेगणिक प्रमुख बदलतो. प्रत्येक वाद्यगटातले निवडक वादक आधी एकत्र बसून लय कशी ठेवायची, भर कुठे द्यायचा, हे ठरवतात. मग सगळ्यांची तालीम होते. तालमीत कुणीही हरकत घेऊ शकतो. एखादा वादक खाली प्रेक्षागृहात बसून ऐकतो आणि काय खटकले ते सांगतो. वाद होतात, वेळही जास्त लागतो. मात्र पडदा वर गेल्यावर चर्चा बंद. तिथे फक्त एकमेकांचे ऐकायचे.

म्हणजे छडी नसली तरी नेतृत्व असतेच. ते कामाप्रमाणे हात बदलते, इतकेच. घरातल्या लग्नकार्यात याचा अनुभव आपणही घेतो. याद्या करताना मोठ्या काकूंचे ऐकावे, हिशेब धाकट्या दिराकडे सोपवावा. आणि आपली पाळी नसेल तेव्हा मुकाट्याने सूर धरावा. सगळ्यांत अवघड काम तेच!