सौंदर्यप्रसाधनांतील कृत्रिम परिरक्षके

रत्नागिरीकडे टाचांच्या भेगांवर लावण्यात येणारे कोकमाचे मुठेल परिरक्षकावाचून टिकते. कारण या घट्ट तेलात पाण्याचा अंश जवळजवळ नसतो. कोरफडीच्या गराचे तसे नाही. जेथे पाणी असते तेथे जीवाणू व बुरशी यांची वाढ संभवते, आणि कोकणातील उष्ण, दमट हवा तिला पोषकच ठरते. दूषित प्रसाधनातील स्यूडोमोनास जीवाणूंमुळे डोळ्यास गंभीर इजा होऊ शकते. म्हणून पाणीयुक्त प्रसाधनांत परिरक्षके घालणे आवश्यक ठरते.

त्यांपैकी पॅराबेन वर्गाविषयी विशेष शंका घेतली जाते. २००४ साली फिलिपा डार्ब्रे व त्यांच्या सहकाऱ्यांना स्तनांच्या अर्बुदांत पॅराबेने आढळली. परंतु त्या अभ्यासात निरोगी ऊतींशी तुलना नव्हती. शिवाय एखादे द्रव्य आढळणे म्हणजे ते रोगाचे कारण ठरणे नव्हे. पॅराबेनांची इस्ट्रोजेनसदृश क्रिया क्षीण असते. मात्र रेणूतील कार्बन-शृंखला लांबेल तशी ती वाढते. यास्तव युरोपीय संघाने २०१४ मध्ये प्रोपिल व ब्यूटिल पॅराबेनांची एकत्रित मर्यादा ०.१४ टक्क्यावर आणली; मेथिल पॅराबेनाची ०.४ टक्क्याची मर्यादा मात्र कायम ठेवली.

पॅराबेनांऐवजी वापरले गेलेले मेथिलआयसोथायाझोलिनोन अनेकांच्या त्वचेस बाधक ठरले. धुऊन न टाकल्या जाणाऱ्या प्रसाधनांत २०१६ च्या युरोपीय नियमाने ते वर्ज्य ठरविले.

तात्पर्य, ‘परिरक्षकरहित’ या शब्दाने निर्धोकता सिद्ध होत नाही. द्रव्य कोणते, त्याचे प्रमाण किती आणि प्रसाधनात पाणी आहे की नाही, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरच तिचा निर्णय अवलंबून असतो.