गवत्याला पाला घाला, पण आधी तळं कोणाचं ते पाहा

कोहमाऱ्याच्या चौकातून नवेगावबांधच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगाला धानाच्या बांध्या दिसतात आणि मधून मधून बोडी, नाहीतर तलाव. ज्याची स्वतःची बोडी आहे तो आता पावसाळ्यात मत्स्यबीज सोडतोच. कटला, रोहू, मृगळ हे घरचे. त्यांच्या जोडीला चंदेरी, सायप्रिनस आणि गवत्या हे बाहेरचे. या सहांपैकी एकाच गड्याला तुम्ही गाईम्हशीसारखा चारा टाकू शकता. तो म्हणजे गवत्या.

गवत्या मूळचा चीनकडचा. आपल्या देशात तो १९५९ साली कटकच्या संशोधन केंद्रात आणला गेला. पुढे १९७१ पासून मिश्र मत्स्यशेतीचे प्रयोग देशभर सुरू झाले आणि त्या मिश्रणात गवत्या पक्का बसला. कारण साधं आहे. ढेप आणि कोंडा विकत घ्यावा लागतो, पाला घरचा असतो.

पण पाला खाणारा मासा म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. गवत्याच्या जबड्यात दात नाहीत, ते घशात आहेत, करवतीसारखे. पाला तिथे चिरडतो, भरडतो आणि आत जातो. गाईसारखं चार कप्प्यांचं पोट त्याला नाही, आतडंही आखूडच. म्हणून खाल्लेल्यातलं निम्मंच अंगी लागतं, बाकीचं खाली पडतं. यात नुकसान मानू नका. ती पडलेली विष्ठा म्हणजे तळ्याला खत. त्यावर पाण्यात बारीक शेवाळ आणि किडे वाढतात. ते चंदेरी आणि कटला खातात, तळाचं सायप्रिनस उपसतो. एका भाऱ्यात चार जणांची पंगत उठते.

शहरात काही हौशी लोक काचेच्या पेटीत खाऱ्या पाण्यातले रंगीत मासे ठेवतात. त्यातला सर्जन मासा शाकाहारी. त्याला सॅलडची पानं किंवा पालक उकळत्या पाण्यातून काढून, चिमट्याने काचेला लावून देतात. उकळत्या पाण्यातून का, तर पानाची पेशी मऊ पडावी म्हणून, कारण गवत्यासारखी भरडायची सोय त्याच्या घशात नाही. खरं तर त्याचं अन्न समुद्रातलं शेवाळ. जपानी लोक ज्या वाळवलेल्या शेवाळात भात गुंडाळतात, तेच त्याला चांगलं मानवतं, पालक आपला अडीअडचणीपुरता. मासा पान कुरतडतो म्हणजे ते त्याच्या अंगी लागतं असं नाही, एवढं त्यातून आपल्यालाही घेता येतं.

आता हिशेबाला या. अर्ध्या एकराची बोडी धरा. हेक्टरी पाच हजार बोटुकली या मापाने तिच्यात हजारेक बोटुकली बसते. त्यात गवत्या शेकडा दहा, म्हणजे शंभर नग. याहून जास्त नको. बोटुकली बोटभर असताना तिला मोठा पाला टाकून उपयोग नाही. आधी अझोला किंवा पाण्यावरचं टिकलीसारखं बारीक शेवाळ द्या. वीतभर झाली की कोवळं गवत बारीक चिरून. पुढे आख्खी पानं चालतात.

मासा अर्ध्या किलोचा झाला की शंभर माशांचं वजन पन्नास किलो. ऊबदार दिवसांत ते रोज पंचवीस ते पन्नास किलो हिरवं फस्त करतात. थंडी पडली की खाणं एकदम कमी होतं, तेव्हा भारा अर्धा करा. एक किलो मासा वाढायला ओला पाला तीस-चाळीस किलो लागतो असं धरून चाला. म्हणजे शंभर मासे किलो-किलोने वाढवायचे तर हंगामात तीन ते चार टन पाला हवा. हा आकडा ऐकून घाबरू नका. संकरित नेपियर पाण्यावर नीट राखला तर हेक्टरी शंभर टनांच्या वर देतो, म्हणजे गुंठ्याला टनभर. चार गुंठे जागा आणि बोडीची पाळ, काम भागलं. जाड ताटं मात्र मासा सोडून देतो, ती जनावरांपुढे टाका. रब्बीत बरसीम असेल तर उत्तमच. तळ्यातलं हायड्रिला गवत हे तर त्याचं आवडतं. जलपर्णी मात्र त्याच्या भरवशावर सोडू नका, तिला तो सहसा तोंड लावत नाही. बेशरम तर हातानेच उपटावी लागते.

पाला पाण्यात नुसता फेकू नका, वाऱ्याने काठाला लागतो आणि सडतो. चार बांबूंची तरंगती चौकट करून खुंटीला बांधा आणि रोज सकाळी त्याच जागी भारा टाका. चार दिवसांत मासे वेळ ओळखतात. दुसऱ्या दिवशी उरलेलं काढून टाका, आणि रोज उरत असेल तर भारा कमी करा. सडणारा पाला पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो. पहाटे मासे वर तोंड काढून आ वासताना दिसले, तर त्या दिवशी पाला बंद आणि ताजं पाणी सुरू.

यापुढचं मात्र नीट वाचा. आपल्याकडे तुडतुडा आला, खोडकिडा आला की धानावर फवारा बसतो आणि तो धुऱ्यावरच्या गवतावरही बसतो. ते गवत कापून बोडीत टाकलं तर एका दिवसात वर्षाचं पीक पांढरं पोट वर करून तरंगतं. बाजारातला कोबी-फुलकोबीचा टाकाऊ पालाही फुकट मिळतो म्हणून आणू नका, त्यावर कधी आणि काय मारलं ते तुम्हाला ठाऊक नसतं. फवाऱ्याचा पंप बोडीत धुणं हे तर बोलायलाच नको. मासा सावजाचा पाला घरच्याच चार गुंठ्यांतला असावा.

आता ग्रामपंचायतीच्या मंडळींशी दोन शब्द. वर सांगितलं ते सगळं स्वतःच्या बोडीचं. गावच्या मामा तलावाचं गणित वेगळं आहे. मालगुजारी १९५१ मध्ये गेली आणि हे तलाव सरकारकडे आले, पण पाळ, तुडूम, सलंग यांची रचना जुन्या कोहळी जाणकारांचीच. त्या तलावात पाला कोणी टाकत नाही, तो तिथेच उगवतो. पाणवनस्पती, देवधान, कमळ. मरळ त्याच झुडपात घरटं करून पिलं राखते, लहान देशी मासे तिथेच लपतात, हिवाळी बदकं तिथेच चरतात. ढीवर भावांचा शिंगाडाही याच पाण्यातला. अशा तलावात गवत्या भरमसाट सोडला तर तो आधी कोवळं, मग उरलेलं, असं करत तळ साफ करतो. बिहारात मखान्याच्या तळ्यात मासे पाळतात तेव्हा गवत्या मुद्दाम वगळतात. अमेरिकेत तर कित्येक राज्यांत पिलं न देणारा वांझ गवत्याच सोडायची सक्ती आहे.

उलट दिशेचं कामही आपल्याच भागात झालं आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि ढीवर समाजाच्या संस्थांनी अर्जुनी मोरगाव भागातल्या तलावांत बेशरम काढली, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि पावसाळ्यात पाणवनस्पती हाताने लावल्या. त्यात स्त्रियांनी मोठी मेहनत घेतली. मजुरी घालून लावलेलं ते गवत दुसऱ्या वर्षी गवत्याच्या घशात जाणार असेल, तर ती मजुरी कशाला, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

एक दिलासा आहे. गवत्या आपल्या तलावात अंडी घालत नाही, त्याला वाहत्या मोठ्या नदीचं पाणी लागतं. त्याचं बीज इंजेक्शन देऊन केंद्रातच तयार होतं. म्हणजे सोडायचं थांबवलं की संख्या आपोआप घटते. पण मासा दहा-दहा वर्षं जगतो, तेव्हा वाट पाहत बसू नका, जाळ्यात आलेला मोठा गवत्या परत पाण्यात टाकू नका. बोडीवाल्यांनीही सलंगावर जाळी बसवावी. भर पावसात पाणी चढलं की हा मासा उडी मारून बाहेर पडतो आणि खालच्या तलावात जातो. तुमचा मासा जातो आणि शेजारच्या गावाचं गवत जातं.

यंदा मत्स्यबीजाची मागणी नोंदवताना सहकारी संस्थेच्या सचिवाने आणि सरपंचाने एवढं करावं. बोडीसाठीची यादी आणि मामा तलावासाठीची यादी वेगवेगळी लिहावी. दुसऱ्या यादीत गवत्याच्या रकान्यात शून्य टाकायचं की पाच टक्के, हे तलावात उतरून, गवत किती आहे ते पाहून ठरवावं.